अक्का, पेल्यात पाणी का चढते?

बशीत थोडे पाणी घेऊन त्यात पेटती मेणबत्ती उभी केली आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घातला, तर मेणबत्ती विझते आणि बशीतले पाणी पेल्यात वर चढते. ते का चढते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. प्रश्न आठवीच्या विज्ञानाचा आहे. मी तो बत्तीस वर्षे शिकवला, तेव्हा एवढ्यासाठी लेख कशाला, असे कुणालाही वाटेल. महिन्यापूर्वी मलाही तसेच वाटले असते. पण अक्का, तुम्ही गेलात, शाळेच्या सभागृहात तुमची शोकसभा झाली, मी पहिल्या रांगेत बसले होते, आणि तिथे मला कळले की या प्रश्नाचे माझे उत्तर चुकीचे आहे. तुम्हाला बरोबर उत्तर माहीत होते. निदान एकोणीस वर्षे माहीत होते. मला ते तुम्ही सांगितले नाहीत. म्हणून या लेखात खरे तर दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर मला सापडले आहे. दुसऱ्याचे सापडल्यासारखे वाटते आणि लगेच हातातून निसटते.

तुमचा जन्म, शिक्षण, सेवेची वर्षे हे सगळे सभेत वाचून झाले. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला आपली प्रयोगशाळा आठवते, म्हणजे जिन्याखालची ती खोली, जिला एकच खिडकी होती आणि एकच नळ. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात तुम्ही मला तिथे उभे केलेत आणि सगळ्यात आधी हाच प्रयोग शिकवलात. तुम्ही अ तुकडीला विज्ञान शिकवत होता, मला ब तुकडी मिळाली होती.

“सुनंदा, आधी बशीत मेणाचा थेंब. त्यावर मेणबत्ती. धर. पाच मोज. आता सोड.”

“आणि वर्गात पडली तर, अक्का?”

“पडली तर मुलं वर्षभर तेवढंच लक्षात ठेवतील. ऑक्सिजन गेला खड्ड्यात.”

पाणी दिसावे म्हणून त्यात पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा टाकायचा, हेही तुमचेच. पेल्याच्या उंचीचे पाच समान भाग करून काचेवर तेलकट पेन्सिलीने खुणा करायच्या, हेही. आणि पेल्याची ती गोष्ट. कपाटात दहा-बारा पेले होते. काहींत पाणी पहिल्या खुणेच्या खालीच थांबायचे, काहींत वर जायचे. एकाच पेल्यात ते पहिल्या खुणेवर बरोबर येऊन थांबायचे. तो पेला तुम्ही वेगळ्या खणात ठेवला होता आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली होती: “प्रयोगाचा पेला. चहासाठी वापरू नये.” बाकीचे पेले आपण बिघडलेले समजत होतो. अक्का, पेला बिघडतो म्हणजे नेमके काय होते, हे दोन विज्ञानशिक्षिकांपैकी एकीच्याही मनात आले नाही. आपल्याला उत्तर आधीच ठाऊक होते, म्हणून ते उत्तर देणारा पेला आपण निवडून ठेवला होता. असे कुणी मुलाने केले असते, तर आपण त्याला बाकावर उभे केले असते.

“हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो. मेणबत्तीने तो जाळून संपवला, त्याची जागा रिकामी झाली, ती पाण्याने भरून काढली.” हे वाक्य तुम्ही माझ्या टाचणवहीत तुमच्या अक्षरात लिहून दिलेत. मी ते अक्षरशः तसेच शिकवत राहिले. एक पंचमांश हे प्रमाण खरे आहे, हे आधीच सांगून ठेवते. चूक प्रमाणात नाही. चूक पुराव्यात आहे.

आपला एक नियम होता. तोही तुम्हीच घातला होता. शाळा सुटल्यावर नळावर परीक्षानळ्या धुता धुता दोघींनी एकमेकींची त्या दिवसाची चूक सांगायची. उद्यावर ढकलायची नाही. “चूक शिळी करायची नाही,” असे तुम्ही म्हणत होता. झाडे दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्रीच श्वसन करतात, असे मी एकदा फळ्यावर लिहिले. तुम्ही दारातून जाता जाता ते वाचलेत आणि संध्याकाळी नळ सोडून म्हणालात, “झाडं काय दिवसभर श्वास रोखून धरतात? श्वसन चोवीस तास चालतं. उद्या पहिल्या तासाला दुरुस्त कर.” मीही सोडत नव्हते. चंद्रावर हवा नाही म्हणून तिथे वस्तू हलक्या लागतात, असे तुम्ही बोलण्याच्या भरात सांगून गेलात, तेव्हा मी नळावर म्हटले, “अक्का, वजनाचा हवेशी संबंध नाही, गुरुत्वाकर्षणाशी आहे.” तुम्ही हातातली नळी खाली ठेवलीत, कपाळावर ओला हात मारलात आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर अख्ख्या अ तुकडीला सांगितलेत, “काल मी चूक शिकवली. ती सुनंदाबाईंनी दाखवली. वहीत खोडा.” माझे नाव घेण्याची काही गरज नव्हती. तुम्ही घेतलेत. त्या दिवसापासून मी तुमच्यावर पूर्ण विश्वास टाकला. नोकरीतल्या माणसावर एवढा विश्वास टाकू नये असे म्हणतात. मला वाटले, आपण अपवाद आहोत.

वाद मात्र एकच होता आणि तो कधी संपला नाही. हवेतला महत्त्वाचा घटक कोणता? मी ऑक्सिजनची, तुम्ही नायट्रोजनच्या. तुमचे बालपण साच्यांच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात गेलेले, वडील विणकर, घरात कापसाचे तंतू उडत असायचे. कौलातून उन्हाची तिरीप आली की तिच्यात ते तंतू वर-खाली फिरताना दिसत. “हवा दिसत नाही म्हणणाऱ्यांनी आमच्या घरी यावं,” असे तुम्ही वर्गात सांगत होता. आणि मला नळावर: “तुझ्या ऑक्सिजनचं काय कौतुक? तो जाळतो. नुसत्या ऑक्सिजनची हवा असती तर आमच्या खोलीत एका ठिणगीसरशी भिंतीसुद्धा उरल्या नसत्या. चार हिस्से नायट्रोजन त्याला आवरून धरतो. शिवाय तुरीच्या मुळांवरच्या गाठी बघ. त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, म्हणून डाळीत प्रथिनं, म्हणून तुझ्या अंगात मांस.”

“आणि श्वास कशाचा घेता, अक्का?”

“श्वास सगळ्याचाच घेते. तुझा तेवढा आत ठेवून घेते, माझा बिचारा तसाच परत येतो. तरी त्याची तक्रार नाही.”

मे महिन्यात आपण तुमच्या गच्चीवर बसून उत्तरपत्रिका तपासत होतो. संध्याकाळ झाली तरी फरशी तापलेली असायची. मी उन्हाला शिव्या घातल्या की तुम्ही चंद्राकडे बोट दाखवत होता. “तो बघ. सूर्यापासून आपल्याइतकाच लांब. तिथे दिवसा भाजून निघतं आणि रात्री सगळं गोठतं. आपल्या अंगावर हवेची चादर आहे, त्याच्या अंगावर नाही. सोलापूरच्या उन्हाची तक्रार करायला माणूस जिवंत राहतो, तो हवेमुळे.” मग लाल पेन उचलून: “आणि हे बघ, तुझ्या ब तुकडीच्या पोरानं ओझोनला हवेची छत्री म्हटलंय. अर्धा गुण दे. अतिनील किरण अडवते हे लिहिलं असतं तर पूर्ण दिला असता.”

हे सगळे मी कृतज्ञतेने लिहिते आहे. पण नुसत्या कृतज्ञतेने नाही.

शेवटचे सात महिने तुमच्या नाकाला नळी होती. फुप्फुसांनी साथ सोडली होती. पलंगाशेजारी ते यंत्र अखंड घरघरत असे. मी दर गुरुवारी येत होते. एकदा शेजारच्या मळसाबाई डोकावल्या आणि यंत्राभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, “अक्का, ह्यात ग्यास कुटनं भरत्यात वो?”

तुम्ही लगेच त्यांच्या बोलीत शिरलात. “भरत न्हाईत गं. हितलीच हवा आत घेतंय. नायट्रोजन अडवतंय, ऑक्सिजन तेवढा फुडं सोडतंय.”

“म्हंजी चाळणच की!”

“चाळणच. बारावीच्या पोरास्नी कळंना, तुला कळलं बघ.”

मळसाबाई खूष होऊन गेल्या. तुम्ही माझ्याकडे वळलात, दम घेतलात आणि म्हणालात, “सुनंदा, तुझा पक्ष जिंकला. माझा नायट्रोजन यंत्रानं बाहेर काढला.” दोघी हसलो. तुम्हाला हसताना खोकला आला, मी पाठीवर हात फिरवला. असे जवळपास तीस गुरुवार होते, अक्का. आपण हवेबद्दल बोललो, दाबाबद्दल, फुप्फुसांतल्या वायुकोशांबद्दल, माझ्या गुडघ्यांबद्दल, तुमच्या नातीच्या गणिताबद्दल. एकदा तर मी बोलता बोलता त्या पेल्याचाही विषय काढला. म्हटले, “निवृत्तीच्या दिवशी मी तो नव्या बाईंच्या हातात दिला. म्हटलं, जपा.” तुम्ही डोळे मिटून घेतलेत. तुम्हाला झोप येते आहे असे समजून मी उठले. आता मला ते मिटलेले डोळे वेगळे दिसतात.

मग शोकसभा. भाषणे झाली, हार झाले. मुख्याध्यापकांनी माजी विद्यार्थ्यांना बोलायला सांगितले. इरण्णा उठला. अ तुकडीचा, आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या रंगखात्यात काम करतो, नखांत निळा रंग घेऊनच आला होता.

“आमच्या अक्का काय साध्या न्हवत्या,” तो म्हणाला. “पेल्याचा प्रयोग सगळ्यास्नी आठवत आसंल. एक मेणबत्ती लावायच्या. पाणी चढायचं. आमी वही उघडली की म्हनायच्या, थांबा, लिवू नका. मग तीन मेणबत्त्या लावायच्या. पाणी लई वर! मग कमरंवर हात ठिवून इचारायच्या, ‘का रे इरण्णा, दोन मेणबत्त्या वाढल्या म्हणून हवंतला ऑक्सिजन वाढला व्हय?’”

सभागृह हसले. त्याच्या मागे रेहाना बसली होती, माझ्या ब तुकडीची, त्याच वर्षाची. ती आता माळशिरसला शाळेत विज्ञान शिकवते. ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, “आमच्याकडे एकच लावली होती बाबा. एक पंचमांश, विषय संपला. मी मॅडमना विचारलं होतं, पेला ठेवताना कडेनं बुडबुडे येतात ते कशाचे?”

“मग? काय म्हनल्या मॅडम?”

“पेला नीट टेकवला नाही की येतात.”

“मग आता तू पोरास्नी काय सांगतीस?”

“तेच. पेला नीट टेकवा!”

पुन्हा हशा झाला. कुणाच्या मनात काही नव्हते. मीही हसले. वर्ग हसला की बाईंनीही हसावे, ही सवय सुटत नाही. पण हसता हसताच माझ्या डोक्यात इरण्णाच्या तीन मेणबत्त्या पेटल्या. ऑक्सिजन तर पेल्यात तेवढाच होता. मग पाणी जास्त का चढले? उत्तर समजायला मला मिनिटसुद्धा लागले नाही. ते बत्तीस वर्षे का सुचले नाही, याचे उत्तर मला अजून देता येत नाही.

सभा संपल्यावर मी इरण्णाला दाराशी गाठले. “हे तुमच्याच वर्षी केलं होतं का रे त्यांनी?”

“दरवर्षीच की, मॅडम. माझ्या दादालाबी तसंच शिकवलं हुतं. त्यो तर माझ्या आदी तीन वर्षं.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने विचारले, “का हो? तुमी दोगी मिळूनच करायच्या न्हवं प्रयोग?”

मी हो म्हटले. मेलेल्या माणसाच्या शोकसभेत मी तुमच्यासाठी खोटे बोलले, अक्का. की स्वतःसाठी, ते ठरवता आलेले नाही.

त्याच्या दादाचे वर्ष धरले तर एकोणीस वर्षे. त्यातली पहिली बारा वर्षे, निवृत्त होईपर्यंत, तुम्ही माझ्या शेजारच्या वर्गात होता. मधली भिंत एका विटेची होती. तुमचा आवाज मला ऐकू येत असे, माझा तुम्हाला. मी “जागा रिकामी झाली, ती पाण्याने भरून काढली” असे सांगत होते, तेव्हा तुम्ही पलीकडे तीन मेणबत्त्या लावत होता. आणि संध्याकाळी नळावर येऊन माझ्या फळ्यावरचा एखादा चुकलेला बाण दुरुस्त करत होता.

चार दिवसांनी मी तुमच्या घरी गेले. माधवीने चहा केला. यंत्र परत नेण्यासाठी दाराशी बांधून ठेवले होते. मी तिला सरळ विचारले. तुमची मुलगी तुमच्यासारखीच, आधी विषय टाळते आणि मग एका दमात सगळे सांगते.

“मावशी, अम्मानं मला एकदाच सांगितलं होतं. तुम्ही करकंबला शिक्षकांच्या शिबिरात तो प्रयोग करून दाखवला होता ना? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.”

मला आठवले. तोवर मी चार माणसांत तोंड उघडत नव्हते. त्या शिबिरात मी पहिल्यांदा मोठ्या माणसांसमोर उभी राहिले.

“तुम्ही शिबिराला गेला होतात तेव्हा अम्माला ते कळलं. तुमचा तास तिच्याकडे होता, तो पेला तुम्ही बरोबर नेला होता. म्हणून तिनं दुसरा घेतला, मुलांनी हट्ट केला म्हणून दोन-तीन मेणबत्त्या लावल्या. तुम्ही परत आलात. अम्मा म्हणाली, करकंबहून आल्यावर सुनंदा पंधरा दिवस ताठ चालायची. ते बिघडवायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, पुढच्या सत्रात सांगू. मग उशीर झाला. आणि उशिरा सांगायचं म्हणजे उशीर का केला तेही सांगायला लागतं.”

“मग मुलांना कसं सांगितलं त्यांनी? माझ्या ब तुकडीचं काय?”

माधवीने कप उचलले. “ते मी नाही विचारलं, मावशी. तुम्ही रागावू नका.”

मी रागावले आहे, अक्का. मी हे नीट, क्रमाने सांगण्याचा प्रयत्न करते, कारण तुम्हाला अघळपघळ राग आवडत नसे. तुम्ही माझी चूक लपवलीत म्हणून मी रागावलेली नाही. माझ्या चालण्याकडे पाहून तुम्ही ठरवलेत की सुनंदाला हे पेलणार नाही. जे तेरा वर्षांच्या इरण्णाला पेलले, ते तुमच्या सहकारी शिक्षिकेला पेलणार नाही, असा तुम्ही माझा हिशेब केलात. नळावर आपण दोघी बरोबरीच्या आहोत, असे मी समजत होते, आणि पहिली पंधरा वर्षे ते खरेही होते. करकंबच्या त्या आठवड्यापासून नळावर एक शिक्षिका उभी होती आणि एक विद्यार्थिनी, आणि विद्यार्थिनीला ते माहीत नव्हते. शिवाय ती चूक माझी नव्हती. ती तुमच्या अक्षरात माझ्या वहीत आली होती. तुम्ही स्वतःच्या वर्गातून ती काढून घेतलीत आणि माझ्याकडे तशीच राहू दिलीत.

आता माझ्या विरुद्धचा पुरावा. तो लपवला तर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार राहणार नाही. माधवीकडून परत येताना मला एक प्रसंग आठवला. करकंबनंतर वर्षभराने असेल. शाळा तपासणीला साहेब येणार होते, मी बशीत मेणबत्ती चिकटवत होते. तुम्ही दाराशी उभ्या राहून विचारलेत, “सुनंदा, एकदा दोन लावून बघतेस का?” आणि मी वर न बघता म्हटले, “अक्का, परीक्षेत एकच विचारतात.” तुम्ही हसून गेलात.

मला “का?” असे विचारता आले असते. विज्ञानाच्या शिक्षिकेला तेवढा एकच शब्द यायला हवा होता. रेहानाला तो आला होता, तर मी तिला पेला नीट टेकवायला सांगितले. हे माझे. ते मी तुमच्यावर ढकलत नाही. पण अक्का, तुम्हीही विचारलेत. सांगितले नाहीत. आपला नियम सांगण्याचा होता. माझ्या एका उद्धट उत्तरामुळे तो मोडायचा होता, तर चंद्राच्या वेळी मीही गप्प बसले असते. तुम्ही माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या होता, मलाही भीती वाटली होती.

त्यानंतर मी घरच्या ओट्यावर प्रयोग मांडले. निष्कर्ष आधी माहीत असला तरी निरीक्षण आधी लिहायचे, ही तुमची शिस्त, म्हणून निरीक्षणे आधी लिहिते. एकच पेला सगळीकडे वापरला. एका मेणबत्तीने पाणी चढले. तीन मेणबत्त्यांनी त्याहून बरेच जास्त चढले. पेला खाली नेताना आणि टेकवताना कडेने बुडबुडे बाहेर पडले, आणि मी पेला अगदी नीट टेकवला होता. ज्योत जळत होती तोवर पाणी फारसे हलले नाही. ज्योत विझल्यावर ते झपकन वर गेले. शेवटी मी मेणबत्ती लावलीच नाही. पेला गरम पाण्याने तापवला, निथळला आणि बशीवर पालथा घातला. पाणी तरीही चढले.

कारण असे. ज्योतीने पेल्यातली हवा तापते आणि प्रसरण पावते. तिच्यातली काही बाहेर निसटते, तेच बुडबुडे. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होते, आकुंचन पावते. जळताना तयार झालेल्या वाफेचेही पाणी होते. आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब बशीतल्या पाण्याला आत ढकलतो. पाणी वर ओढले जात नाही. आपल्या डोक्यावर मैलोन्मैल उभी असलेली हवा त्याला रेटते. एवढी मोठी गोष्ट त्या बशीत दरवर्षी घडत होती आणि मी मुलांना ती दाखवलीच नाही.

आणखी एक. ज्योत विझते तेव्हा पेल्यातला ऑक्सिजन संपलेला नसतो. त्याचा मोठा भाग उरलेला असतो, फक्त ज्योत टिकायला तो पुरत नाही. तुमच्या खोलीतल्या हवेतही ऑक्सिजन एक पंचमांशच होता. माझ्या खुर्चीपाशी होता तेवढाच. मी तो फुकट घेत बसले होते आणि तुम्हाला तो घेता येत नव्हता. त्या अवस्थेत, एका एका वाक्याला दम मोजत असताना, तुम्ही मला एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायला हवी होती, असा हट्ट मी कोणत्या तोंडाने धरते आहे? तरीही धरते. मळसाबाईंना चाळण समजावण्याएवढा दम तुमच्याकडे होता.

एक पंचमांशाचा खरा पुरावा लोखंड देते. साच्यांचे सुटे भाग करणाऱ्या लेथवरून मी लोखंडाचा बारीक कीस आणला, तेलकटपणा जाईपर्यंत साबणाने धुतला, ओल्या परीक्षानळीत आतून चिकटवला आणि नळी पाण्यात उलटी उभी केली. गंजताना लोखंड ऑक्सिजन घेते आणि उष्णता इतकी हळू बाहेर टाकते की हवा तापत नाही. पहिल्या दिवशी पाणी थोडे चढले, दुसऱ्या दिवशी आणखी. चौथ्या दिवशी ते नळीच्या साधारण पाचव्या भागाशी थांबले. आठव्या दिवशीही तिथेच होते. दुसऱ्या नळीत मी कीस दुप्पट घेतला होता. तिथेही पाणी तेवढेच चढले. हे चार दिवसांचे काम आहे, पस्तीस मिनिटांच्या तासात बसत नाही. म्हणून आपण मेणबत्ती धरून बसलो.

पाणी थांबले त्या सकाळी मला तुम्हाला हाक मारावीशी वाटली. अक्का, इकडे या, बघा. राग होता तसाच होता आणि दाखवायला मात्र तुम्हीच हव्या होता.

मग मी रेहानाला फोन केला. म्हटले, “रेहाना, तुझा बुडबुड्यांचा प्रश्न बरोबर होता. मी चुकीचं उत्तर दिलं.”

ती गोंधळली. “कोणता प्रश्न, मॅडम?”

मी सगळे सांगितले. तीन मेणबत्त्या, तापवलेला पेला, लोखंडाचा कीस. मला वाटले, आता ती विचारील की मग सोळा वर्षे कुठे होतात. तिने विचारले, “मॅडम, माझी तर गेल्या पाच वर्षांतली मुलं शिकून पुढं गेली की. त्यांचं काय करू?”

याचे उत्तर तुमच्याकडेही नसावे, अक्का. कदाचित त्याच प्रश्नापाशी येऊन तुम्ही गप्प बसलात. एका वर्गाची चूक एका दिवसात खोडता येते. पाच वर्षांची, बत्तीस वर्षांची चूक खोडायला माणूस मुलांच्या मागे कुठे कुठे जाणार? मी रेहानाला म्हटले, “ज्यांचे नंबर आहेत त्यांना फोन कर. मीही करते.” माझ्याकडे हजेरीपट नाहीत, आठवण आहे. आजवर एकवीस जणांना फोन झाले. निम्म्यांना तो प्रयोग आठवतही नाही. एकाने, “मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना?” असे विचारले. मी सगळ्यांना सांगते की चूक शिकवली. कुणाकडून आली ते सांगत नाही. तुम्ही एकदा भर वर्गात माझे नाव चांगल्यासाठी घेतले होते. तुमचे नाव यासाठी फोनवर घेणे मला जमले नाही. इथे घेतले आहे, कारण ज्यांनी तुम्हाला पाहिले आहे तेच हे वाचतील आणि तुमच्या तीन मेणबत्त्याही त्यांच्यापर्यंत पोचायला हव्यात.

तुम्हाला माफ केले, असे मी लिहिणार नाही. लिहिले तर ते फक्त लेख नीट संपावा म्हणून होईल. तुम्ही मला शिकवलेत, उभे केलेत, आणि मग माझ्यापासून सत्य लपवलेत. तिन्ही वाक्ये खरी आहेत आणि एकाने दुसरे पुसले जात नाही. फोन न लागणारे विद्यार्थी बरेच आहेत. त्यांच्यासाठी हा लेख शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या अंकात देते आहे.

वाचकहो, ब तुकडीत बसलेले आणि न बसलेले, सगळ्यांना विनंती आहे. एक बशी, एक पेला, तीन मेणबत्त्या आणि मूठभर लोखंडाचा कीस घ्या. लहान मुले असतील तर ज्योतीजवळ मोठ्यांनी थांबावे. आधी एक मेणबत्ती लावा, मग तीन, मग एकही नाही. बुडबुडे कधी येतात आणि पाणी कधी चढते, ते स्वतः पाहून लिहा. लोखंडाला चार-पाच दिवस द्या. मी सांगते म्हणून यातले काही मान्य करू नका, अक्कांनी सांगितले होते म्हणूनही नको. कृपया स्वतः तपासून पाहा.